शेवटच्या ‘डी’ची कुळकथा

फेडोरा लिनक्सवर एसएसएच सेवेची एक बारीकशी सेटिंग बदलायची होती. तिच्यासाठी सिस्टिमडीने, म्हणजे सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने, दाखवलेला पत्ता असा: /इटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम/एसएसएचडी.सर्व्हिस.डी/. एका ओळीत तीन डी! तिन्ही एकाच घराण्यातले, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. ते तसे नाहीत.

पहिले दोन डी ‘डीमन’चे, म्हणजे पडद्याआड अखंड राबणाऱ्या प्रोग्रॅमचे. १९६३च्या सुमारास एमआयटीत फर्नांडो कोर्बातोंच्या चमूने हा शब्द उचलला तो भौतिकशास्त्रातून. गॅसचे वेगवान आणि मंद रेणू दारात उभा राहून निवडणारा मॅक्सवेलचा डीमन त्यांच्या डोळ्यांसमोर होता. ‘डिस्क अँड एक्झिक्यूशन मॉनिटर’ या शब्दांची ती आद्याक्षरे, ही व्युत्पत्ती मागाहून रचलेली. खुद्द कोर्बातोंनी ती नाकारली आहे. मराठीत त्याला सैतान म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या कोकणातला राखणदार त्याला जास्त जवळचा.

खरा वाद तिसऱ्या डीचा, ज्याच्याआधी टिंब आहे. हाही डीमनच, असे अनेक जण सांगतात. युनिक्स सिस्टिम फाइव्हच्या ‘इनिट.डी’मध्ये डीमन सुरू करणाऱ्या स्क्रिप्ट असत, त्यामुळे ते पटतेही. पण ‘सुडोअर्स.डी’चे काय? सुडो ही एक आज्ञा, डीमन नाही. ‘प्रोफाइल.डी’तही कुणी डीमन राहत नाही. फेडोरावर तर ‘क्रॉनडी’ आणि ‘क्रॉन.डी’ दोन्ही नांदतात: पहिला डीमन, दुसरी डिरेक्टरी. माझ्या मते निकाल इथेच लागतो. टिंबानंतरचा डी डिरेक्टरीचा.

पण डिरेक्टरीला शेपूट लावायची गरज काय? जुन्या युनिक्सचा नकाशा पाहताना याचे उत्तर अवचित हाती लागले. तिथे यंत्र सुरू होताना पहिला चालणारा इनिट हा प्रोग्रॅम खुद्द /इटीसीमध्येच बसलेला होता! युनिक्समध्ये एका डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन नोंदी राहू शकत नाहीत, म्हणून स्क्रिप्टच्या डिरेक्टरीला नुसते ‘इनिट’ म्हणता येईना. शेजारी ‘आरसी२’ ही स्क्रिप्ट होती, तिची डिरेक्टरी ‘आरसी२.डी’. ‘प्रोफाइल’ आणि ‘प्रोफाइल.डी’ची जोडी आजही तशीच आहे. जागा अडलेली होती म्हणून डी आला, असे मी ठामपणे म्हणतो.

त्या ‘आरसी२.डी’तल्या दुव्यांची नावे एस२० अशा धर्तीची असत: एस म्हणजे सुरू कर, आकडा म्हणजे क्रम. आजच्या फाइलींना ‘१०-’, ‘५०-’ असे आकडे लावतात, ते याच एस२०चे वंशज असावेत. हा माझा अंदाज, पण मला तो पक्का वाटतो.

२०१०मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टिमडी आणले. क्रम लावणाऱ्या स्क्रिप्ट मागे पडल्या, पण टिंब-डी टिकला. वितरकाची मूळ फाइल /यूएसआरखाली राहते, आपला बदल /इटीसीखालच्या टिंब-डीमध्ये. सिस्टिमडी दोन्ही वाचून एकत्र करते आणि अपडेट आले तरी आपली फाइल शाबूत राहते. एक खाच मात्र आहे: ‘एक्झेकस्टार्ट’ (सेवा सुरू करणारी ओळ) बदलायचे असेल तर आधी ती ओळ रिकामी लिहावी लागते. नाहीतर नवी आज्ञा जुनीच्या जागी न येता तिला जोडली जाते, आणि साध्या सेवेला दोन एक्झेकस्टार्ट चालत नाहीत.

हे सगळे हाताने करायला नको: ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ ही आज्ञा सेवेच्या नावासह द्या. टिंब-डीची डिरेक्टरी आणि तिच्यातली ‘ओव्हरराइड.कॉन्फ’ दोन्ही ती स्वतः तयार करते.