तारलीचा वाटा

पावसाळा सरला की वाकोल्याच्या बाजारात तारलीच्या पाट्या येतात आणि पापलेटाचे गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जाते. ही हेटाळणी जुनीच. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर रापणीला तारली उदंड लागली, की खाऊन उरलेली माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरीत. तिचे तेल होड्यांच्या लाकडाला चोपडीत. गरिबाच्या चुलीने मात्र तिची किंमत ओळखली होती. ठेचलेली तिरफळे आणि आमसुले घालून केलेल्या तिखल्यात तिचा उग्र वास मरे, नि दोन तारल्यांवर भाताचे ताट साफ होई!

समुद्राला मात्र अंत आहे. हीच तारली दक्षिणेस मलबारात आटली, तेव्हा १९४३ साली मद्रास सरकारने तिची पिल्ले धरणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध घातले. ते फार वर्षे टिकले नाहीत.

आमची कोळीण अजूनही वाट्यावर मूठभर तारली फुकट टाकते. मीही ती मुकाट्याने पिशवीत घेतो.