पाटकऱ्याचे पाणी आणि पेट्रीची जाळी

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत. त्यांच्या आधाराने वाढलेली सिंचनाची फड पद्धत काही शतकांची आहे. बंधाऱ्यातून कालवा, कालव्यातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतात जाणारी सारंगे, अशी पाण्याची वाट. भिजणाऱ्या जमिनीचे सहसा तीन-चार भाग पाडतात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड, आणि एका फडात सर्वांचे पीक एकच. पाणी मात्र शेतकऱ्याने स्वतः घ्यायचे नाही. ते पाटकरी ठरलेल्या क्रमाने देतो.

हा नियम कशासाठी? एक कारण उघड आहे : भांडणे टळतात. दुसरे कारण समजून घ्यायला आपल्याला जर्मनीत जावे लागेल.

कार्ल आडाम पेट्री (१९२६–२०१०) यांनी १९६२ मध्ये डार्मस्टाट येथे एक प्रबंध लिहिला. अनेक कामे एकाच वेळी चालतात, एकमेकांसाठी थांबतात, आणि सर्वांवर चालणारे एकच घड्याळ नसते. अशा व्यवहाराचे नेमके वर्णन कसे करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातूनच पुढे 'पेट्री जाळी' रूढ झाली. तिच्यात वर्तुळ म्हणजे स्थिती, आडवी रेघ म्हणजे कृती. वर्तुळात खडे ठेवायचे. रेघेकडे येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात खडा असेल तरच कृती घडते. ती प्रत्येकातला एक खडा उचलते आणि पुढच्या प्रत्येक वर्तुळात एक ठेवते. नियम एवढाच.

वर्गात चिंचोके घेऊन हे करून पाहू. एका वर्तुळात चारीचे पाणी, दुसऱ्यात फावडे. प्रत्येकी एकच चिंचोका. शेत भिजवायला दोन्ही हवीत. पहिल्या शेतकऱ्याने आधी पाणी उचलले, दुसऱ्याने आधी फावडे. आता पहिला फावड्याची वाट पाहतो आणि दुसरा पाण्याची. एकही रेघ हलत नाही. चूक कोणाचीच नाही, तरी कोंडी झाली! आता नियम बदलू. पाणी व फावडे एकदमच उचलायचे, आणि तेही पाटकऱ्याने. शेत भिजले की दोन्ही परत. खेळ कसाही खेळा, अडत नाही.

डच संशोधक विल फान डेर आल्स्त यांनी १९९० च्या दशकात हीच जाळी कचेरीतल्या कामांना लावली. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तेव्हा तीन गोष्टी तपासायच्या. कोणत्याही वाटेने गेले तरी काम शेवटाला पोचू शकते का? शेवटी एखादा खडा मागे उरतो का? कधीच न घडणारी कृती आराखड्यात आहे का?

फडातल्या पंचांनी वर्तुळे काढली नव्हती. त्यांना अनुभवाने शिकवले. अनुभवाला कोंडी दाखवायला एखादे पीक वाळावे लागते, कागदावर ती आधीच दिसते. मात्र टंचाईच्या वर्षी पहिले पाणी कोणाच्या शेताला, हे कोणतीही जाळी सांगत नाही. ते माणसांनाच बसून ठरवावे लागते.