मुळी, शब्द आणि सोबत

दिल्लीस बदलून आलेल्या मराठी मनुष्यास करोलबाग ठाऊक नाही असे सहसा घडत नाही. खोली शोधण्यापासून हिवाळ्याचे कपडे घेण्यापर्यंत कोणत्या ना कोणत्या निमित्ताने तो तेथे जातोच. त्याच वस्तीत हकीम अजमलखान यांनी उभारलेले आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालय आहे. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मनोविकारांवरील आधुनिक औषधांच्या इतिहासाचा एक धागा या वास्तूशी जोडलेला आहे, हे आम्हांस मात्र कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. एका सहकाऱ्याच्या आजारपणामुळे त्या इतिहासाकडे वळण्याचा प्रसंग आला. तो प्रसंग पुढे ओघाने येईलच. आधी इतिहास पाहू.

मनाच्या आजाराचा विचार आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार वर्णिले आहेत आणि चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले आहेत. मंत्र, मणी, होम, उपवास इत्यादींचा तो दैवव्यपाश्रय. आहार व औषधे यांच्या योजनेचा तो युक्तिव्यपाश्रय. आणि अहितकारक विषयांपासून मन आवरण्याचा तो सत्त्वावजय. हे तिन्ही मार्ग एकाच ग्रंथात शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मात्र प्राचीन तेवढे सर्व सोज्वळ, असे मानण्याचेही कारण नाही. उन्मादाच्या रोग्याचे सुहृदांनी समजुतीच्या शब्दांनी सांत्वन करावे असे जो ग्रंथ सांगतो, तोच त्याला बांधून ठेवावे, चाबकाचा धाक दाखवावा, दात काढलेल्या सापाने भिववावे असेही सांगतो. पुढच्या काळाने यांतले काय उचलले आणि काय टाकले, हाच आमच्या मते या इतिहासाचा मुख्य प्रश्न होय.

प्रथम मुळीची कथा. सर्पगंधा नावाचे लहानसे झुडूप आपल्या देशात अनेक ठिकाणी उगवते. त्याच्या मुळीला बिहारात ‘पागल की दवा’ असेच म्हणत. ज्याला झोप नाही, जो उठून धावतो, त्याला ही मुळी देण्याची चाल तेथे होती. १९३१ साली कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असे मांडले. गणनाथ सेन हे वैद्य तर होतेच, परंतु पाश्चात्त्य वैद्यकाचेही पदवीधर होते. दोन्ही विद्या एकाच मस्तकात नांदत असल्यामुळेच त्यांना हे साधले असावे, असे आम्हांस वाटते.

त्याच वर्षी करोलबागेत दुसरी घटना घडली. अजमलखान यांनी आपल्या संस्थेत युनानी औषधांचे रासायनिक संशोधन व्हावे म्हणून सलीमुझ्झमान सिद्दिकी या जर्मनीत शिकलेल्या तरुण रसायनशास्त्रज्ञास बोलाविले होते. हकीमसाहेब १९२७ साली वारले. परंतु काम थांबले नाही. सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली व त्यांतील एकास हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. हृदयाच्या तालावर परिणाम करणारे हे द्रव्य वैद्यकात अद्याप उपयोगी पडते.

पुढे ही मुळी मुंबईत गेली. तेथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिचा प्रयोग करून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष खऱ्या अर्थाने वेधले ते या लेखाने. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे मुळीतील मुख्य द्रव्य निराळे काढण्यात आले. त्याचे नाव रेसर्पिन. १९५४ साली न्यूयॉर्क राज्यातील एका मोठ्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी त्याचा प्रयोग करून अनेक रोगी शांत झाल्याचे नमूद केले. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत वकील आणि क्लाइन हे दोघेही होते. बिहारच्या खेड्यातील मुळीने असा दूरचा प्रवास केला.

येथेच कथा संपली असती तर आम्ही ती अभिमानाने सांगून मोकळे झालो असतो. परंतु रेसर्पिनने रक्तदाब फार उतरतो आणि काही रोग्यांना गाढ खिन्नता येते, असे लवकरच आढळून आले. १९५२ सालीच पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले होते. त्याने रेसर्पिनला मागे टाकले. विलायतेने आपली मुळी बिघडविली, असे म्हणणारे काही जण आम्हांस भेटतात. ते खरे नव्हे. जे द्रव्य गोळीत होते तेच मुळीत होते. गुण मुळीचा, तसा धोकाही मुळीचाच. फरक इतकाच, की मात्रा मोजून व रोग्यांची नोंद ठेवून पाहणाऱ्यांना तो धोका दिसला. वैद्यांच्या अनुभवाने औषध दाखविले आणि प्रयोगशाळेने त्याची मर्यादा दाखविली. दोहोंपैकी एकाचे ऋण नाकारणे हा कृतघ्नपणा होईल.

परंतु केवळ औषधाने मनुष्य बरा होऊन घरी जातो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस दिल्लीहून पंजाबकडे वळले पाहिजे. इंग्रजी अमदानीत मनोरुग्णालय म्हणजे उंच भिंत आणि कुलूप. १९१२ चा कायदा रोग्याला बरे करण्यापेक्षा कोंडून ठेवण्याचीच अधिक चिंता वाहणारा होता. एकदा आत गेलेल्याशी घरच्यांचा संबंध बहुधा तुटे. फाळणीनंतर तर १९५० साली लाहोर आणि अमृतसर यांच्या दरम्यान मनोरुग्णांचीही धर्मानुसार अदलाबदल झाली. सादत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंह’ या कथेने ती शोकांतिका अमर केली आहे.

त्याच अमृतसरच्या रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी पन्नाशीच्या दशकात एक साधी गोष्ट केली. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना तेथे येऊन राहावयास सांगितले. आई, भाऊ, पत्नी रोग्याजवळ राहू लागली. उपचार त्यांच्या डोळ्यांदेखत होत. डॉक्टर नातेवाइकांना एकत्र बसवून आजार म्हणजे काय हे समजावून सांगत. यामुळे दोन गोष्टी साधल्या. रोगी टाकला गेला नाही. आणि घरी परतल्यावर त्याच्याशी कसे वागावे हे घरच्यांना कळले. पुढे १९५७ साली वेल्लोर येथे सुरू झालेल्या मानसिक आरोग्य केंद्रानेही नातेवाइकांना रोग्याबरोबर ठेवून घेण्याची पद्धत स्वीकारली. पाश्चात्त्य देशांत ज्या काळी रोग्यास कुटुंबापासून दूर ठेवण्याकडे कल होता, त्या काळी आपल्याकडील डॉक्टरांनी हे केले. त्यांनी औषध सोडले नाही. औषधाला सोबत जोडली.

आता तिसरा धागा, श्रद्धेचा. तो सर्वांत नाजूक आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी निवासास पहाटे आग लागली. रोग्यांना साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही आणि २८ जण मृत्यू पावले. जेथे श्रद्धेचे नाव होते, परंतु औषध नव्हते आणि आप्तही जवळ नव्हते, तेथे हे घडले. त्याच तमिळनाडूतील एका खेड्यातल्या मंदिराविषयी बंगलोरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेतील डॉक्टरांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे राहावयास आलेल्या ३१ रोग्यांची त्यांनी आल्यावेळी व जातेवेळी तपासणी केली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात त्यांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार पडला. तेथे अंगात येणे नव्हते, मारझोड नव्हती. सकाळची छोटी पूजा, अंगण झाडणे, झाडांना पाणी घालणे आणि बरोबर घरचे एखादे माणूस, एवढेच होते. ३१ ही संख्या थोडी आहे आणि यावरून औषधाची गरज नाही असा अर्थ कोणी काढू नये. परंतु साखळी आणि अंगण यांतील अंतर त्यातून स्वच्छ दिसते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि रोग्यास आवारातच बसलेल्या डॉक्टरांकडे पाठवितात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर रोग्यास साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई केली आहे. चरकाच्या काळापासून चालत आलेला एक भाग अशा रीतीने अखेर टाकण्यात आला.

आता तो प्रसंग. आमचे एक सहकारी कुटुंब गावी ठेवून एकटेच राहत असत. त्यांची झोप गेली. नस्तीत आपल्या हातून चूक झाली आहे या भीतीने ते एकच कागद दहादा वाचू लागले. जेवण सुटले. आम्ही काय केले? “मन घट्ट करा, चार दिवस रजा काढून गावी जाऊन या,” एवढा सल्ला दिला आणि आपल्या मेजाकडे वळलो. त्यांनी गुपचूप डॉक्टर गाठला व गोळ्या सुरू केल्या. गावी मात्र कळविले नाही. मातोश्रींनी देवाचा अंगारा आणि एका वैद्याचे चूर्ण टपालाने पाठविले. ते त्यांनी डॉक्टरांपासून लपविले. एके सकाळी कचेरीच्या जिन्यात त्यांना भोवळ येऊन ते पडले. रक्तदाब फार उतरला होता. “आणखी काय घेता?” असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा पुडी बाहेर आली. तीवर घटकद्रव्यांत सर्पगंधा असे लिहिले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. हे चूर्ण का बंद करावयाचे ते त्यांनी नीट समजावून सांगितले, अंगारा कपाळी राहू दिला आणि घरच्या कोणास तरी बोलवा म्हणाले. थोरले बंधू महिनाभर येऊन राहिले. प्रत्येक खेपेस डॉक्टर त्यांनाही आत बसवीत. सहकारी पुन्हा कामावर रुजू झाले. त्या पुडीवरील एका शब्दामुळे आम्ही हा सारा इतिहास वाचावयास घेतला.

मुळी कलकत्त्यात तपासली गेली, तंबू अमृतसरास उभे राहिले, अंगण तमिळनाडूत झाडले गेले. आपल्या सहकाऱ्यास मात्र या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून लपवाव्या लागल्या, आणि त्या लपविण्यास भाग पाडणाऱ्यांत आम्हीही होतो. बदलीचा हुकूम हाती पडला की आपण क्वार्टर, मुलांची शाळा आणि गॅस यांची चौकशी प्रथम करतो. नव्या गावी कोणी एकटा मराठी कारकून राहतो काय आणि तो रात्री जेवतो काय, एवढी चौकशीही आपण तीत घालावी, असे आम्हांस वाटते.