नियम आणि यादी

हल्ली आपल्या महिला मंडळात एक नवा शब्द आलाय, ‘बकेट लिस्ट’. आयुष्यात एकदा तरी करायच्या गोष्टींची यादी. कुणाच्या यादीत हिमालय असतो, कुणाच्या समुद्राखाली पोहणं, कुणाच्या नुसतं एकटीनं चार दिवस कुठं तरी जाऊन येणं. ही शेवटची इच्छा सगळ्यात साधी, पण घरात सगळ्यात जास्त प्रश्न तिच्यावरच. “सोबत कोण?” हा पहिला.

मुलींना वाटतं ही यादी परदेशातून आली. शब्द आला असेल. पण वस्तू आपल्या घरात फार जुनी आहे, मैत्रिणींनो. आपण तिला ‘नियम’ म्हणत आलो. “शिखरजी होईपर्यंत साखर सोडली”, “बेळगोळचा बाहुबली बघीपर्यंत तूप खाणार नाही”, असं म्हणणाऱ्या आज्ज्या आपल्यातल्या बहुतेकींनी पाहिल्या आहेत. तीही आयुष्यात एकदा करायच्या गोष्टीची नोंदच. फरक एवढाच की ती वहीत न लिहिता ताटात लिहिलेली असायची. रोज जेवताना आठवण व्हायची, आणि घरातल्यांनाही करून दिली जायची! हातात पैसा नसलेल्या, स्वतःहून “मला जायचंय” म्हणता न येणाऱ्या बाईजवळ आपली इच्छा जगापुढं मांडण्याचा हा एक मार्ग होता.

याची सगळ्यात मोठी कथा श्रवणबेळगोळचीच आहे. गंग राजांचा सेनापती चामुंडराय. त्याची आई काळलादेवी. भरत चक्रवर्तीनं पौदनपुरात बाहुबलींची प्रचंड मूर्ती उभारली असं तिनं ऐकलं, आणि ती बघीपर्यंत दूध घेणार नाही असा नियम केला. आईचा नियम म्हटल्यावर मुलगा निघाला, सोबत आचार्य नेमिचंद्र. वाटेत बेळगोळला मुक्काम पडला. तिथं स्वप्नात कूष्मांडिनी देवीनं सांगितलं की पौदनपूरची वाट आता माणसाला जाण्याजोगी उरलेली नाही. समोरच्या मोठ्या डोंगरावर बाण सोड. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. इसवी सन ९८१ च्या सुमारास, एका अखंड खडकातून, सुमारे ५८ फुटांची मूर्ती उभी राहिली.

स्वप्न आणि बाण ही आख्यायिका, इतिहास नव्हे. मूर्ती आणि चामुंडराय मात्र पक्का इतिहास. मूर्तीच्या पायाशी चामुंडरायानं हे करविलं असं सांगणारा कोरीव लेख आहे, आणि त्यातला एक मराठीत आहे. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्या भाषेतली फार जुनी अक्षरं कर्नाटकातल्या एका डोंगरावर बाहुबलींच्या पायाशी आहेत. आमच्यासारख्या सीमेवरच्या, घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या बायकांना हे वाचून बरं वाटतं.

पण मला या कथेतली दुसरी बाई जास्त जवळची वाटते. मूर्ती झाल्यावर चामुंडरायानं मोठ्या थाटानं अभिषेक मांडला. घागरीवर घागरी दूध ओतलं, पण ते बेंबीच्या खाली उतरेना. तेवढ्यात एक म्हातारी आली, हातात पोकळ केलेल्या रानवांग्यात चिमूटभर दूध. लोक हसले असतील. पण तिचं दूध मस्तकापासून पायापर्यंत ओघळलं आणि खाली वाहत गेलं. ती गुळ्ळकायज्जी. गुळ्ळकायी म्हणजे ते वांगं. ती खरं तर देवीच होती असंही सांगतात. काही असो, तिची दगडी मूर्ती आजही बाहुबलींच्या समोर, हातात ते भांडं धरून उभी आहे.

आता दोघींचं बघा. काळलादेवी आली ती सेनापती मुलाबरोबर. गुळ्ळकायज्जी एकटी आली. “सोबत कोण?” असं तिला विचारणारं कुणी कथेत नाही. आणि आपल्या लोकांनी हजार वर्षं जपून ठेवली ती तिचीही आठवण. चामुंडरायाच्या गर्वाची गोष्ट म्हणून आपण ती सांगतो. एकट्या आलेल्या बाईची गोष्ट म्हणूनही ती सांगायला हरकत नाही.

शिलालेखांतही बायका आहेत. बेळगोळ आणि आसपास मिळून पाचशेहून अधिक लेख आहेत. समोरच्या चंद्रगिरीवर सातव्या-आठव्या शतकातले जे लेख आहेत, त्यांत समाधी घेतलेल्या साध्वींची नावं येतात. त्यांना ‘गंतियार’ म्हणत. नागमती ही त्यांतलीच एक. पुढं होयसळांच्या काळात राणी शांतलेनं इथं बसदी बांधली. उत्तरेकडून आलेल्या यात्रेकरूंनीही नागरी अक्षरांत आपली नावं खडकावर कोरून ठेवलीत. येऊन गेलो, एवढंच सांगणारी. यादीवर खूण करायची हौस आजची नाही.

मग बायका एकट्या का जात नव्हत्या? कारण कुणीच एकटं जात नव्हतं. आग्र्याचे कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्यांचे आईवडील रोहतकच्या जत्रेला निघाले आणि वाटेत चोरांनी लुबाडले, अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले, असं आहे. त्यांचे वडील शिखरजीच्या मोठ्या संघाबरोबर गेले, तेव्हा परतीच्या वाटेवर कितीतरी लोक आजारी पडले, काही दगावले. चोर, खराब पाणी, ताप, नद्यांना पूल नाहीत. अशा काळात संघपती पुढं, गाड्या मागं, राखणदार बाजूला, असंच जावं लागे. सोबत ही गरज होती. वाट सुधारली, गरज सरली, तरी बायकांच्या बाबतीत तिचा रिवाज होऊन बसला.

कुणी म्हणेल, आपल्या धर्मातच एकटीनं फिरायला मनाई आहे. ती मनाई आर्यिकांना आहे. त्यांनी एकटीनं विहार करू नये असं शास्त्र सांगतं, आणि पायी चालणाऱ्या, जवळ काही न ठेवणाऱ्या साध्वीसाठी ते योग्यच होतं. श्राविकेला हा नियम लावलेला नाही. उलट बारा भावनांत एकत्व भावना आपण रोज म्हणतो: जीव एकटा येतो, एकटा जातो, केलेलं एकटाच भोगतो. जन्ममरणाची एवढी मोठी वाट एकटीनं चालायची हे मान्य, आणि मिरजेहून गाडी बदलायची म्हटलं की सोबत हवी, हे कसं?

वाट खरी मोकळी केली ती रेल्वेनं. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे गाडी धावली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत देशभर रूळ पडले. १९०६ च्या सुमारास पारसनाथवरून जाणारा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि महिन्यांची शिखरजीची यात्रा दिवसांवर आली. गाडीत बायकांचा डबा होता, तीर्थावर धर्मशाळा होती. या दोन गोष्टींनी बाईला जे दिलं ते फार मोठं होतं: रात्री पाठ टेकायला हक्काची जागा.

त्याचा पहिला उपयोग कुणी केला? पुष्कळदा विधवांनी. आपल्यातल्या मगनबाईंचं नाव आठवा. दानशूर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांची ही मुलगी, लहान वयात विधवा झाली. वडिलांनी शिकवलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिनं श्राविकाश्रमाचं काम उभं केलं आणि जैन बायकांच्या शिक्षणासाठी गावोगाव फिरली. आपल्या समाजानं तिला ‘जैन महिलारत्न’ म्हटलं. दुसऱ्या पार्वतीबाई आठवले, कोकणातल्या देवरूखच्या, महर्षी कर्व्यांच्या मेहुणी. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या वर्गणी गोळा करत फिरल्या, आणि १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेल्या असताना, इंग्रजी धड येत नसताना, थेट अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी काम करून राहिल्या. १९२८ मध्ये त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. या बायका हौसेनं एकट्या निघाल्या नव्हत्या. पण एकदा निघाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असेल, की जमतंय की!

म्हणून ज्यांना पहिल्यांदाच एकटीनं निघायचंय त्यांना माझं सांगणं, सुरुवात तीर्थापासून करा. तिथं एकट्या बाईकडं कुणी वळून बघत नाही, जेवण आपलं, सूर्यास्ताच्या आत मिळतं, पाणी गाळलेलं असतं. आधी कुंभोजचा बाहुबली. हातकणंगले स्टेशनावर उतरून सकाळी जा, २८ फुटी मूर्तीचं दर्शन घ्या, संध्याकाळी घरी. तेवढ्यानं भीती निम्मी जाते.

मग श्रवणबेळगोळ. २०१७ मध्ये बंगळूर–हासन रेल्वेमार्ग पूर्ण झाला, आता बेळगोळला स्वतःचं स्टेशन आहे. खोली आधी फोन करून ठरवा. विंध्यगिरीला साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या, त्याही अनवाणी, म्हणून उजाडताच चढा. दहानंतर खडक तापतो. दुसरा दिवस चंद्रगिरीला ठेवा. तिथं गर्दी नसते, साध्वींचे लेख शांतपणे बघता येतात.

शिखरजी शेवटी. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी, नऊ किलोमीटर चढ, नऊ वर फिरणं, नऊ उतार. मध्यरात्रीनंतर दोन-तीनला निघतात. घरून एकटी गेलात तरी मधुबनच्या धर्मशाळेतून निघणाऱ्या बायकांच्या मागं चाला, अंधारात डोंगरावर एकटी राहू नका. आधी दोन महिने रोज चालायची सवय करा. गुडघे दुखत असतील तर डोली घ्या, त्यात कमीपणा नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, बॅटरी, थोडे सुटे पैसे, आणि घरच्यांसाठी धर्मशाळेचा फोन नंबर लिहिलेला कागद. बस्स.

आणखी एक. यादी कितीही मोठी करा, पण ती करताना घरातल्या वयस्क बाईला विचारा, तुझा कुठला नियम राहिलाय का? पुष्कळ घरांत कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी काहीतरी सोडलेलं असतं आणि आता कुणी विचारत नाही म्हणून ती सांगत नाही. सोडलेलं तसंच राहतं, आणि एक दिवस ती बाईच जाते. पायात चालायची ताकद आहे तोवर तिला तिकीट काढून द्या. तिला एकटीनं जायचं असेल तर जाऊ द्या. सोबत हवी असेल, तर तुमची पहिली यात्रा तिच्याबरोबर करा आणि दुसरी एकटीनं.