शाखेचा संकेतांक आणि कष्टाचा पैसा : देशांतर्गत रक्कम सुरक्षितपणे कशी पाठवावी

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्वांना परिचित आहे. त्याची त्याहूनही जुनी ओळख आहे ती ‘तगर’ या नावाची. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात, पैठणच्या पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नगरीतून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे, असा उल्लेख आहे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. दूरच्या गावी असलेल्या माणसाशी पैशाचा व्यवहार करणे या भूमीला नवे नाही. आज माल तेरहून जाण्याऐवजी माणसे जातात. कोणी पुण्याच्या कारखान्यात, कोणी मुंबईत, कोणी ऊसतोडीला, तर मुले शिक्षणासाठी. त्यांच्यात आणि घरात पैसा सतत ये-जा करीत असतो. हा पैसा योग्य खात्यात पोहोचावा, यासाठी ज्या अकरा चिन्हांची मदत होते, त्या शाखा संकेतांकाची, म्हणजेच आयएफएससी कोडची, माहिती आम्ही येथे देत आहोत.

जुनी रीत

पूर्वी पेढीवरील हुंडीत रक्कम, गाव आणि नाव लिहिलेले असे. शाहजोग हुंडीचे पैसे तर प्रतिष्ठित, ओळखीच्या सावकारालाच मिळत. पुढे मनिऑर्डर आली. पोस्टमन घरातील माणसांना ओळखत असे व सही अथवा अंगठा घेऊनच पैसे हाती देत असे. या सर्व रीतींत एक गोष्ट समान होती : पैसे देणारा हात घेणाऱ्याचे तोंड पाहत होता. संगणकाला तोंड दिसत नाही, त्याला केवळ अंक दिसतात. म्हणून अंकांची जबाबदारी आता पाठवणाऱ्यावर येऊन पडली आहे.

संकेतांकाची रचना

आयएफएससी कोड अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरे बँक दर्शवतात. उदाहरणार्थ, भारतीय स्टेट बँकेसाठी ‘एसबीआयएन’, बँक ऑफ महाराष्ट्रसाठी ‘एमएएचबी’. पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. अनेकजण तेथे इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर लिहितात आणि व्यवहार अडतो. उरलेली सहा चिन्हे शाखेची असतात. हा कोड पासबुकाच्या पहिल्या पानावर व धनादेशावर छापलेला असतो. धनादेशाच्या तळाशी असलेला नऊ अंकी एमआयसीआर कोड मात्र वेगळा असून तो धनादेश वटवण्यासाठी आहे. परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी स्विफ्ट कोड लागतो. आयएफएससी कोड केवळ देशांतर्गत व्यवहारापुरता आहे.

वाचकांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पतसंस्थेला स्वतःचा असा आयएफएससी कोड नसतो. तेथील खात्यात पैसे मागवायचे असल्यास कोणत्या बँकेमार्फत व कोणत्या खात्यावर मागवावेत, हे संस्थेकडून लेखी घ्यावे.

पैसे पाठवण्याचे मार्ग

एनईएफटी ही पद्धत नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली. १६ डिसेंबर २०१९ पासून ती वर्षभर, रात्रंदिवस चालते आणि दर अर्ध्या तासाने व्यवहारांचा एक गट पूर्ण होतो. बचत खातेदाराने मोबाईल अथवा इंटरनेटवरून केलेल्या एनईएफटीला १ जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. बँकेत खाते नसलेला मजूरही शाखेत रोख भरून ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम एनईएफटीने पाठवू शकतो. त्यासाठी ओळखपत्र व मोबाईल क्रमांक जवळ असू द्यावा.

आरटीजीएस २००४ मध्ये आली. ती दोन लाख रुपये व त्यावरील रकमांसाठी आहे. तीही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झालेल्या आयएमपीएसने रक्कम तत्काळ पोहोचते. २०१६ पासूनच्या यूपीआयमध्ये बहुधा मोबाईल क्रमांक किंवा चौकोनी कोड पुरतो. परंतु तेथेही खाते क्रमांक व आयएफएससी देऊन पैसे पाठवता येतात. जी पद्धत जितकी जलद, तितकी चूक सुधारण्याची उसंत कमी, हे विसरू नये.

नावाचा प्रश्न

आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. अर्जावर आपण नाव लिहितो, म्हणून बँक नाव ताडून पाहत असेल, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० च्या सूचनेनुसार केवळ खाते क्रमांकाच्या आधारे रक्कम जमा करण्याची मुभा बँकांना मिळाली. कोड पैशाला बँकेच्या दारापर्यंत नेतो. आत कोणाच्या खात्यात जायचे, ते खाते क्रमांक ठरवतो.

समजा, पुण्यातील मुलाने तेरला आईकडे आठ हजार रुपये पाठवताना खाते क्रमांकातील एक अंक चुकवला. त्या क्रमांकाचे खातेच नसेल, तर रक्कम परत येते. एनईएफटीत, रक्कम जमा होऊ शकत नसल्यास, गट पूर्ण झाल्यापासून दोन तासांत ती परत करण्याचे बंधन आहे. परंतु तसे खाते अस्तित्वात असेल, तर पैसे परक्या माणसाकडे जातात आणि त्याच्या संमतीवाचून ते परत मिळवणे अतिशय कठीण होते. क्रमांक बरोबर आणि बँक चुकीची असे झाले तरीही धोका संपत नाही. भारतीय स्टेट बँक आणि बँक ऑफ महाराष्ट्र या दोहोंचे खाते क्रमांक अकरा अंकी आहेत. एका घराच्या महिन्याच्या किराण्याचा हा प्रश्न आहे.

या उणिवेवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी, एनईएफटी व आरटीजीएससाठी पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून देण्यास बँकांना सांगितले. ही सोय प्रत्येकाने वापरावी. नाव पडद्यावर दिसले, ते वाचले आणि जुळले, की मगच पुढे जावे.

बदललेले कोड

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याची बँक म्हणून १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. पुढे तिचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. १ एप्रिल २०१७ रोजी ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली आणि ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारे तिचे कोड इतिहासजमा झाले. आपल्या भागातील कित्येक पासबुकांवर ते अजूनही आढळतात. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. तिचे जुने कोड जुलै २०२१ पासून बंद आहेत. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण झाले आहे. जुने पासबुक असणाऱ्यांनी शाखेत जाऊन नव्या कोडची नोंद करून घ्यावी.

यादीतून शाखा निवडतानाही सावध असावे. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले असले, तरी काही याद्यांत उस्मानाबाद हेच नाव आढळू शकते. तसेच धाराशिव तालुक्यातील तेर आणि वाशी तालुक्यातील तेरखेडा ही दोन वेगळी गावे आहेत.

काय गुप्त, काय उघड

आयएफएससी कोड गुप्त नसतो. पैसे मागवण्यासाठी खाते क्रमांक व कोड विश्वासाच्या माणसाला देण्यास हरकत नाही. गुप्त असतात ते पिन, पासवर्ड आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘बँकेचे विलीनीकरण झाले, तुमचा कोड बदलायचा आहे, ओटीपी सांगा’, असा दूरध्वनी आल्यास तो लबाडीचा समजून बंद करावा. कोड बदलण्याचे काम बँक स्वतः करते, त्यासाठी खातेदाराचा ओटीपी लागत नाही.

पाठवण्यापूर्वी व नंतर

१. खाते क्रमांक व कोड पासबुकावरूनच उतरवावा, तोंडी ऐकून लिहू नये. पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागवावे.
२. नवे खाते जोडल्यावर प्रथम एक रुपया पाठवावा. समोरच्याने तो मिळाल्याचे फोनवर सांगितल्यावरच उरलेली रक्कम पाठवावी.
३. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. तक्रारीचा तोच आधार असतो.
४. रक्कम चुकीच्या खात्यात गेल्यास त्याच दिवशी आपल्या बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.
५. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसा पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी तो गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

घरातील वृद्धांना ही माहिती वाचून दाखवावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे. पैसे पाठवणारा बहुधा शिकलेला असतो, परंतु पासबुक असते ते गावातील आईच्या पेटीत. तिच्या पासबुकावरील कोड आजही चालू आहे का, हे पुढच्या खेपेस गावी गेल्यावर अवश्य पाहावे.