ठिणगीची वेळ

शर्यतीच्या गाडीची ताकद वाढवायची, तर ठिणगी नेमक्या वेळी पडली पाहिजे. बघा, पेट्रोल-हवेचे मिश्रण जळायला क्षणभर लागतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ते पेटवतात. पण फारच आधी पेटवले, की उरलेले मिश्रण आपोआप भडकते, इंजिन खडखडते, पिस्टनला भोकही पडते. मिश्रणात पेट्रोल थोडे वाढवले तर हे काहीसे टळते. १९२१ साली अमेरिकेत डेटन येथे थॉमस मिजली यांनी निराळाच उपाय शोधला: पेट्रोलात शिशाचे संयुग! ठिणगी आणखी आधी पाडता येऊ लागली. पण शिसे विषारी. खुद्द मिजलींनाही बाधा झाली. १९२४ मध्ये ते संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरी विक्री फार काळ थांबली नाही. भारतात मोटारींचे असे पेट्रोल २००० साली बंद झाले, आणि जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ साली.