मुंबई विद्यापीठ आणि आमचा पेडणे महाल

चवथ आली की कोरगावातली बंद घरे उघडतात. मुंबई, पुणे, पणजी, बेळगाव, जिथे म्हणून आपली माणसे पांगली आहेत तिथून ती दीड दिवसांसाठी, पाच दिवसांसाठी येतात. माटोळी बांधून होते, आरती होते आणि मग नेवऱ्यांच्या ताटाभोवती गप्पा रंगतात. त्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो : ‘‘बारावी झाली ना? मग आता पुढे काय?’’ उत्तरात आजची मुले गोवा विद्यापीठ म्हणतात, बेंगळूर म्हणतात, कधी परदेशाचेही नाव घेतात. आमच्या लहानपणी या प्रश्नाला एकच उत्तर होते, ते म्हणजे मुंबई.

गेल्या चवथीला माटोळीचे सामान काढायला आम्ही माळ्यावर चढलो, तेव्हा कोपऱ्यात पत्र्याची एक नळी सापडली. आत मुंबई विद्यापीठाचे बी. ए.चे पदवीपत्र होते. कागद पिवळा पडलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. ते आमच्या आजोबांच्या थोरल्या भावाचे. आमच्या घरातले ते पहिले पदवीधर. घरातल्या मुलांनी विचारले, ‘‘गोव्यात पोर्तुगीज राज्य होते ना? मग पदवी मुंबईची कशी?’’ उत्तर द्यायला बसलो आणि लक्षात आले, ही गोष्ट आमच्या एका घराची नाही. ती साऱ्या पेडणे महालाची आहे.

विद्यापीठ निघाले

१८५४ साली लंडनहून सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता आला आणि हिंदुस्थानात विद्यापीठे काढण्याचे ठरले. १८५७ मध्ये तीन विद्यापीठांचे कायदे झाले : जानेवारीत कलकत्ता, १८ जुलैला मुंबई आणि सप्टेंबरात मद्रास. उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना सरकार इकडे विद्यापीठे स्थापत होते. लंडन विद्यापीठाचा नमुना समोर ठेवल्यामुळे आरंभी हे विद्यापीठ स्वतः काही शिकवीत नसे. कॉलेजे शिकवीत, विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. इमारतसुद्धा नव्हती, पदवीदान टाऊन हॉलमध्ये होई.

१८५९ साली पहिली प्रवेश परीक्षा झाली. शंभरावर उमेदवार बसले आणि उत्तीर्ण झाले जेमतेम वीस-बावीस. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांतले भांडारकर मालवणचे, म्हणजे आमच्या उत्तरेच्या शेजारचे. हेच भांडारकर पुढे १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या आधीचे कुलगुरू न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्या पदावरचे पहिले हिंदी गृहस्थ. ते वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या पदावर असतानाच गेले.

राजाबाई टॉवर आज सर्वांना ठाऊक आहे. शेअरबाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी चार लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून पदवीदान सभागृह उभे राहिले. दोन्हींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. हा वास्तुकार मुंबईला कधी आलाच नाही, लंडनला बसून त्याने नकाशे काढले. १८७८ साली मनोरा पुरा झाला. उंची २८० फूट. त्या काळी वेंगुर्ल्याहून बोटीने मुंबईला उतरलेल्या कोकणी पोराला तो किती उंच वाटला असेल, याची आम्ही कल्पनाच करावी.

मांद्र्याचा मुलगा

पण आम्हां पेडणेकरांचे या विद्यापीठाशी नाते पदवीधर निघण्याच्याही आधीचे आहे. १८५७च्या कायद्यात विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंची नावे छापलेली आहेत. त्यांत बहुतेक सगळे इंग्रज अधिकारी. एतद्देशीय नावे मूठभर : नाना शंकरशेट, सर जमशेटजी जिजीभाई आणि त्यांच्याच पंगतीत डॉ. भाऊ दाजी.

हे भाऊ दाजी म्हणजे रामचंद्र विठ्ठल लाड. जन्म आमच्या शेजारच्या मांद्र्याचा. मुलगा बुद्धिबळात तल्लख होता. ते पाहून एका इंग्रजाने त्याच्या वडिलांना त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला दिला, असे त्याच्या चरित्रात सांगतात. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिक्षण झाले, बालहत्येच्या प्रथेवरील निबंधाला सहाशे रुपयांचे बक्षीस मिळाले आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजाच्या पहिल्याच तुकडीतून ते १८५१ साली डॉक्टर झाले. गोरगरिबांना औषध दिले. कुष्ठरोगावर देशी वनस्पतीचा उपाय शोधण्यासाठी वर्षे घालवली. फावल्या वेळात ताम्रपट आणि शिलालेख वाचले. अजिंठ्याचे लेख, जुनागडचा रुद्रदामनाचा लेख यांवर लिहिले. मुंबईचे शेरीफपद दोनदा भूषवले. १८७४ साली ते वारले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्यांचेच नाव आहे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ज्या वर्षी भाऊ दाजी मुंबई विद्यापीठाचे फेलो झाले, त्या वर्षी त्यांचे जन्मगाव पोर्तुगालच्या राजाच्या अमलाखाली होते. पेडणे महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली. म्हणजे त्या विद्यापीठाच्या पायाभरणीला आमचा माणूस होता, पण विद्यापीठाच्या कायद्याची हद्द आमच्या गावापर्यंत येत नव्हती. ती यायला एकशेचार वर्षे जायची होती.

नदी ओलांडून

पोर्तुगीज राज्यात शिक्षण नव्हते असे नाही. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ सालचे, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकलहूनही जुने. पणजीचे लिसेव १८५४ सालचे. पण तिथली वाट पोर्तुगीज भाषेतून जायची आणि गोव्यात विद्यापीठ नव्हते. पुढे शिकायचे तर सातासमुद्रापलीकडे लिस्बन किंवा कोइंब्रा. नव्या काबिजादीतल्या हिंदू घरांना ती वाट परकी होती. आमच्याकडे मुलगा देवळाच्या चौकात नाहीतर कुणाच्या सोप्यावर पंतोजींपाशी बाराखडी, उजळणी आणि मोडी शिके. कुणी पोर्तुगीज शाळेत जाऊन ‘प्रिमेर ग्राव’, ‘सेगुंद ग्राव’ करी. त्यापुढे ज्याला शिकायचे, त्याने तेरेखोल नदी ओलांडायची.

नदीपलीकडे आरोंदा, मग सावंतवाडी, वेंगुर्ले. तिथे इंग्रजी शाळा होत्या आणि त्या शाळांच्या शेवटाला मॅट्रिक होती. मॅट्रिक ही मुंबई विद्यापीठाचीच परीक्षा. वाडी-वेंगुर्ल्यात कुणा नातलगाकडे राहायचे, नाहीतर वार लावून जेवायचे, मॅट्रिक काढायची आणि वेंगुर्ले बंदरातून मुंबईची बोट धरायची. मुंबईत गिरगावातल्या एखाद्या खोलीत गाववाल्यांच्या घोळक्यात पथारी पसरायची. दिवसा नोकरी किंवा शिकवणी, बाकी वेळ कॉलेज. पुढे बार्देशात आणि इतरत्रही इंग्रजी शाळा निघाल्या. त्या पोर्तुगीज राज्यात होत्या, पण त्यांचे डोळे मुंबईच्या मॅट्रिककडे लागलेले असत.

या वाटेत एक मेख होती. गोव्यातल्या सरकारी कामाला पोर्तुगीज लागे. मुंबईच्या इंग्रजी पदवीला इथे फारशी जागा नव्हती. म्हणून पदवी घेतलेला माणूस मुंबईतच राही आणि चवथीपुरता गावी येई. आमचे थोरले आजोबा असेच राहिले. त्यांच्या नावाचा कागद माळ्यावर आहे. आमचे सख्खे आजोबा ‘सेगुंद ग्राव’च्या पुढे गेले नाहीत. कुणीतरी शेताच्या बांधावर उभे राहायला हवे होते. त्यांनी नारळ-सुपारी विकली आणि मुंबईला जाणाऱ्या गावकऱ्याच्या हाती भावाच्या फीचे पैसे पाठवले. आजीने पाटल्या मोडल्या, असे घरात बोलले जाई. या दोघांना कुठल्या विद्यापीठाने पदवी दिली नाही. पण तो पिवळा कागद हातात धरला तेव्हा आम्हांला त्यावर तीन नावे दिसली. छापलेले मात्र एकच होते.

मराठी दाराबाहेर

या विद्यापीठाचे ऋण मानताना त्याची उणीवही सांगितली पाहिजे. मराठी मुलखाच्या राजधानीत उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाने स्थापनेनंतर थोड्याच वर्षांत मराठी, गुजराती, कानडी या भाषांना वरच्या परीक्षांतून बाहेर काढले आणि त्यांच्या जागी संस्कृतसारख्या अभिजात भाषा ठेवल्या. देशी भाषांत पदवीच्या अभ्यासाजोगते साहित्य नाही, असे कारण दिले गेले. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भाषेबद्दल हे म्हटले गेले! ज्या विद्यापीठाने रानड्यांना घडवले, त्याच विद्यापीठाशी रानडे यासाठी वर्षानुवर्षे झगडले. आयुष्याच्या अखेरीस त्यांना यश आले आणि एम. ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली. १९०१च्या जानेवारीत ते गेले.

स्त्रियांनाही दार उशिराच उघडले. १८८३ साली विद्यापीठाने स्त्रियांना पदवी परीक्षांना बसू देण्याचा निर्णय केला आणि कॉर्नेलिया सोराबजी या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. पण वाडीला नातलगाकडे राहून, बोटीने मुंबई गाठून शिकणे आमच्या गावच्या मुलींच्या वाट्याला कुठून येणार? त्यांना थांबावे लागले ते विद्यापीठ जवळ येईपर्यंत.

विद्यापीठ घराशी आले

१९५५च्या सत्याग्रहात पत्रादेवीला रक्त सांडले, सीमा बंद झाली आणि नदीपलीकडची वाट अधिकच अवघड झाली. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर सहा महिन्यांत, १९६२च्या जूनमध्ये, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही कॉलेजे सुरू झाली. दुसऱ्या वर्षी म्हापशाला सेंट झेवियर्स आले. सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न. जुने वैद्यकीय विद्यालयही गोवा मेडिकल कॉलेज होऊन त्याच विद्यापीठाला जोडले गेले. १९६५ साली विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाचे केंद्र काढले. ज्या विद्यापीठासाठी आमची माणसे बोटीने गेली, ते आता आमच्याकडे आले होते. सकाळी चोपड्याला फेरीबोट धरून शिवोलीमार्गे म्हापसा गाठायचे आणि तिन्हीसांजेला घरी परतायचे. आमच्या आतेबहिणी याच फेरीबोटीतून कॉलेजात गेल्या. त्यांच्यासाठी कुणाला पाटल्या मोडाव्या लागल्या नाहीत.

तेवीस वर्षे हा संबंध चालला. १ जून १९८५ला गोवा विद्यापीठ सुरू झाले, पुढे ताळगावच्या पठारावर त्याच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मुंबईची नाळ तुटली. आता आमच्या तालुक्यात, विर्नोड्याला, सरकारी महाविद्यालय आहे आणि त्याला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. एका मराठी संतकवीचे नाव आमच्या मुलांच्या महाविद्यालयावर आहे, हे रानड्यांनी पाहिले असते तर त्यांना बरे वाटले असते.

एक गंमत मात्र उरली आहे. नदीपलीकडच्या आरोंद्याचा मुलगा सावंतवाडीला शिकतो, तेव्हा त्याला आजही मुंबई विद्यापीठाची पदवी मिळते, कारण सिंधुदुर्ग जिल्हा त्याच विद्यापीठाकडे आहे. कोरगावच्या मुलाला गोवा विद्यापीठाची. एकेकाळी ज्या पदवीसाठी आम्ही नदी ओलांडली, ती अजून नदीपलीकडेच आहे. फक्त आता तिच्यासाठी नदी ओलांडावी लागत नाही.

एक विनंती

मुंबई विद्यापीठाचे बोधवाक्य आहे ‘शीलवृत्तफला विद्या’. विद्येचे फळ म्हणजे चारित्र्य आणि सद्वर्तन. आमच्या गावापुरते आम्ही त्यात कृतज्ञता मिळवू. भाऊ दाजींचे नाव इतिहासात राहिले. पण आमच्या वाड्यावाड्यांवरून पहिला मॅट्रिक कोण झाला, पहिली पदवीधर मुलगी कोण, आणि त्यांच्या फीसाठी कुणी बांधावर उभे राहून आयुष्य काढले, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. दरवर्षी चवथीला आरतीतला एखादा आवाज कमी झालेला असतो.

म्हणून या चवथीला माटोळीचे सामान काढायला माळ्यावर चढाल, तेव्हा कोपऱ्यातली पत्र्याची नळीही खाली आणा. कागद उघडा, घरातल्या सर्वांत वडील माणसाशेजारी बसा आणि विचारा. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. ज्यांचे नाव कागदावर नाही, त्यांचे आधी लिहा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आपण ती नावे छापू.

आमच्या घरची दोन आम्ही लिहून ठेवली आहेत.